पुरंदरचे अंजीर आणि भिवंडीचे परस

भिवंडीहून पुण्याकडे निघालेला माणूस सहसा कापडाच्या नाहीतर कज्जाच्या कामासाठी निघतो. आम्ही निघालो ते अंजिराची झाडे पाहायला. त्याला कारण झाले आमच्या तालुक्यातले परस. पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे या बाजूला जिथे भाताची खाचरे होती तिथे आता गोदामे आहेत. शेत गेले, घराभोवतीचा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा तेवढा उरला. त्यात पोराबाळांच्या तोंडी लागेल असे काय लावावे, हा प्रश्न घरोघर आहे. नेमके हे हेरून रोपे विकणारे टेम्पो गावात येतात आणि ऑलिव्ह, अंजीर, डाळिंब अशी भूमध्य समुद्राकडची झाडे चढ्या भावाने गळ्यात मारतात. तेव्हा खरे काय ते बघावे, म्हणून मार्चमध्ये निघालो.

(आमच्याकडे अंजूर नावाचे गाव आहे, पण त्याचा अंजिराशी संबंध जोडू नये. ते गाव प्रसिद्ध आहे वसईच्या मोहिमेत खपलेल्या गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यामागे या घराण्याची मोठी खटपट होती.)

कल्याणला गाडी धरली, पुण्याला उतरलो, आणि हडपसरवरून सासवडची एस.टी. घेतली. वडकीजवळ मस्तानी तलाव दिसतो आणि तिथून दिवे घाट चढू लागतो. आषाढी वारीला ज्ञानोबांची पालखी याच घाटाने वर जाते. घाटमाथ्यावरच दिवे गाव आहे. रस्त्याच्या कडेला अंजिराच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया दिसल्या आणि आम्ही तिथेच उतरलो.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती जमीन. मुरमाड, निचऱ्याची, पाणी क्षणभर न थांबणारी. पाऊस इथे वीस-पंचवीस इंच. आमच्याकडे शंभर इंचांच्या आसपास. हा फरक समजला की अंजिराचे अर्धे शास्त्र समजले. भूमध्य समुद्राच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. अंजीर तिथे कोरड्या हवेत पिकतो. पुरंदरच्या शेतकऱ्यांनी झाडाला आपल्या ऋतूंप्रमाणे वळवून घेतले आहे. पावसाळ्यात धरतात तो खट्टा बहार. पाऊस सरताना छाटणी करून धरतात तो मिठा बहार, जो उन्हाळ्याच्या तोंडी पिकतो. नावातच गोडीचा निकाल लागला आहे. या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जाधववाडीला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे अंजीर आणि सीताफळाचे संशोधन केंद्र आहे.

तोडणी भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत होते. देठातून दुधासारखा चीक येतो आणि त्याने बोटांची कातडी खाजते, सोलते. फळ नाजूक असते. पिकलेला अंजीर दोन दिवससुद्धा धड राहत नाही, म्हणून टोपलीत अंजिराचीच पाने घालून तो लगोलग बाजारात पाठवतात. इथल्या फळाची साल पातळ, म्हणून ते ताजेच खाल्ले जाते. आपण वाण्याकडून माळ्यात ओवलेले सुके अंजीर आणतो ते बहुतेक अफगाणिस्तानकडचे.

आता एक शंका, जी आमच्या सोबतच्या वहिनींनी तिथेच काढली. अंजिरात किडे असतात का? उंबर फोडून केंबरे उडवू नयेत असे आपण म्हणतो, आणि अंजीर तर उंबराचाच भाऊबंद. वड, पिंपळही त्याच कुळातले. उंबराचे फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या पोटात असते, आणि ती केंबरे त्या फुलांचे परागीकरण करतात. तुर्कस्तानातल्या स्मर्ना जातीच्या अंजिरालाही असा बारीक कीटक लागतो. कॅलिफोर्नियात ती झाडे नेऊन लावली तेव्हा फळे नुसतीच गळून पडत. १८९९ साली तो कीटक तिथे रुजवला, तेव्हा कुठे फळ टिकू लागले. आपल्या पुना अंजिराला मात्र त्याची गरज नाही. तो परागाशिवायच फळतो. तेव्हा एकटे झाड परसात लावले तरी फळ येते आणि ते निःशंक खावे.

मग भिवंडीत हे झाड होईल का? झाड होईल, बाग होणार नाही. आमच्या पावसात पानांवर तांबेरा येतो. पानाच्या खालच्या अंगाला तपकिरी भुकटी दिसते आणि श्रावण-भाद्रपदात पाने गळतात. पावसात आलेले फळ बेचव होते, फुटते, सडते. म्हणून एकरभर अंजीर लावून पैसा करू म्हणणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. घरापुरती एक-दोन झाडे असतील तर आमचा कोरडा काळ, कार्तिकापासून वैशाखापर्यंतचा, त्याला पुरेसा आहे. फक्त मिठा बहारच धरायचा. पावसाळ्यात पाने गेली तरी जीव टाकू नये. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की फांद्या छाटाव्यात. नव्या फुटीवर फळ लागते आणि चार-साडेचार महिन्यांत ते पिकते.

जागा निवडताना भाताच्या खाचरासारखी ओल धरणारी जागा टाळावी. हात-दीड हात उंच मातीचा ढीग करून, त्यात मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून त्यावर लावावे. मुळ्या लांब पळतात, म्हणून भिंतीपासून दहा-बारा फूट दूर. छाटणीनंतर आणि नवी पाने फुटल्यावर बोर्डो मिश्रण फवारावे: दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे चालत नाही. फळ रंगू लागले की बुलबुल आणि वटवाघळे येतात. मागावरच्या कापडाच्या चिंध्या भिवंडीत काय कमी? त्यांच्या पिशव्या शिवून फळांना बांधाव्यात.

टेम्पोवाल्याच्या बाकीच्या झाडांचे थोडक्यात सांगतो. ऑलिव्हला फुलोऱ्यासाठी थंडी लागते. राजस्थानात इस्रायलची रोपे आणून ती लागवड झाली, पण बिकानेरची थंडी आणि आमचा दमट हिवाळा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. इथे ऑलिव्ह म्हणजे पानांची शोभा. डाळिंब लाल फुलांनी मन भरवते, फळाला मात्र दमट हवेत तेलकट डाग पडतात. ज्याला फुलांचीच हौस आहे त्याने लावावे.

परतताना मनात आले, पुरंदरातल्याही सात गावांवर विमानतळाचे सावट आहे. २०२५ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी मोजणीला कडाडून विरोध केला होता. आमच्या खाचरांच्या वेळी असे कोणी आडवे पडले नव्हते.

रोप विकत घेण्याची गरज नाही. पुरंदरात नवरात्राच्या मागेपुढे छाटणी होते आणि छाटलेल्या फांद्या बांधावर पडून असतात. मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीचे, तीन-चार डोळ्यांचे, वीतभर लांब तुकडे घ्यावेत. ते ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावेत आणि दोन डोळे मातीत जातील असे पिशवीत लावावेत. महिना-दीड महिन्यात मुळ्या धरतात. पहिला पावसाळा पिशवी पडवीतच ठेवावी आणि रोप पुढच्या दसऱ्यानंतर ढिगावर लावावे.