धर्माचा रकाना

बाबा नाईट करून आले की दिवसभर आम्ही भावंडं कुजबुजत बोलायचो. भिलाईतल्या खुर्सीपारच्या क्वार्टरमधलं आमचं बालपण हे असं, पोलादाच्या प्लांटच्या पाळ्यांवर मोजलेलं. एका भिंतीपलीकडे तेलुगू, दुसरीपलीकडे ओडिया. आईच्या कपाळाला कुंकू नाही आणि नाताळच्या ताटात मात्र करंज्या-चकल्या, हे कोडं शेजाऱ्यांना सुटत नसे. रविवारी पेटीवर नारायण वामन टिळकांची पदं.

नगरला निघालो की राजनांदगावच्या आसपास बाबा खिडकीशी सरकायचे आणि टिळकांची गोष्ट सांगायचे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला येताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं टिळकांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षं दूर राहिल्या. "आता रूळ आपल्या प्लांटचे हं," बाबा मध्येच म्हणायचे.

टिळकांचं धैर्य आम्हाला तोंडपाठ होतं. बाबांचं दिसायला वेळ लागला.

आमचे पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध; ख्रिस्ती आजही बाहेरच. त्यामुळे कित्येक जण कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पोटाचा प्रश्न होता.

थोरल्या दादाच्या प्रवेशाच्या वेळी काका मुद्दाम नगरहून आले. "अरे, एक शब्द तर लिहायचाय!" बाबांनी चष्मा लावला, हिंदी फॉर्मच्या रकान्यात 'ईसाई' लिहिलं, डबा घेतला आणि सायकलवरून सेकंड शिफ्टला गेले.

दादाला हवी ती जागा मिळाली नाही. तीन महिने तो बाबांशी बोलला नाही. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच दादाच्या बाजूचे होतो, आईसुद्धा. बाबांनी कुणाला समजावलं नाही, चिडलेही नाहीत. जेवायला बसताना दादा येईपर्यंत प्रार्थना सुरू करायची नाही, एवढंच. भात निवून जायचा.

गेल्या वर्षी दादाच्या मुलीचा फॉर्म आला. धर्माच्या रकान्याशी तो थांबला. मग पेन तिच्या हातात देऊन चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला.