इफडेफचा संसार

नव्वदच्या दशकात पुण्यात नोकरीला लागलो, तेव्हा आमचा एकच प्रोग्रॅम तीन घरी नांदायचा: सोलारिस, एचपी-यूएक्स आणि एआयएक्स. आडनाव सगळ्यांचं युनिक्स, पण घरोघरी रीत निराळी. सी भाषेतला कोड कुठेही चालतो, हे कॉलेजातलं वाक्य पहिल्याच आठवड्यात निकालात निघालं. बर्कलीची शाखा आणि एटी अँड टीची सिस्टिम फाइव्ह असे दोन फाटे फुटलेले, त्यात प्रत्येक कंपनीची स्वतःची भर. 1988 साली पॉसिक्सचं प्रमाण आलं, तरी जुन्या खोडी गेल्या नव्हत्या.

यावर आमच्याकडे उपाय एकच, इफडेफ. सोलारिस असेल तर ही ओळ, एआयएक्स असेल तर ती. आधीच्या मंडळींनी ते इतके पेरले होते की नेमकं काय कंपाइल होतंय, हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नसे.

शून्य पत्त्याचं उदाहरण मला अजून आवडतं. नल पॉइंटरमधून चुकून वाचलं, तर एआयएक्स ते मुकाट्यानं चालवून घ्यायचं. सोलारिसवर तोच प्रोग्रॅम कोअर डंप टाकून मोकळा. सगळे सोलारिसला शिव्या घालत. माझं मत उलटं होतं, आजही आहे: चूक पोटात घालणारी सिस्टिम जास्त महागात पडते.

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी 1992 साली इफडेफच्या अतिरेकावर एक निबंध लिहिला. फरक एका इंटरफेसमागे वेगळ्या फाइलींत ठेवा, हा त्यांचा आग्रह. ऑटोकॉन्फ त्याच सुमाराचं. ते सिस्टिमचं नाव विचारत बसत नाही, छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून ‘तुला हे येतं का?’ एवढंच तपासतं. माझी कोड लिहायची पद्धत या एका प्रश्नानं बदलली.

पुढे लिनक्स सगळीकडे पसरलं आणि हा विषय संपला, असं तरुण सहकारी म्हणू लागले. मग एआरएमचे सर्व्हर आले. इंटेलवर साधा ‘कॅर’ ऋण किंमत धरतो, एआरएमवरच्या लिनक्सवर धरत नाही. गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी ताडून पाहणारं लूप तिथे थांबतच नाही. एआयएक्सवरही नेमकं हेच व्हायचं!

तुमचा प्रोग्रॅम एकाच सिस्टिमसाठी असला, तरी एकदा दुसऱ्या प्रोसेसरवर, दुसऱ्या कंपायलरनं बांधून पाहा. त्यासाठी एक रास्पबेरी पाय पुरतो.