खंड्याच्या वतीने सही

“अभ्यासाला कुत्रा द्यायचा म्हंजी त्याला फाडणार का?” नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या तरुण डॉक्टरबाईंना सरळच विचारलं. आमच्या निमोणे गावात कुणीही हेच विचारलं असतं. डॉक्टरांना राग आला नाही. ओट्यावर बसून त्यांनी समजावलं: खंड्या घरीच राहील, औषध जे द्यायचं तेच मिळेल. फक्त उपचाराआधी आणि नंतर पुढच्या पायातून दोन-तीन मिली रक्त घ्यायचं. पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीसाठी त्या गोचीड-तापावर प्रबंध लिहीत होत्या.

खंड्या आमचा गावठी कुत्रा, गोठ्याचा राखणदार. त्याने खाणं टाकलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोटावर लाल ठिपके उठले आणि एका सकाळी नाकातून रक्त गळायला लागलं. शिरूरला रक्त तपासलं तर प्लेटलेट 40 हजारांच्याही खाली. निरोगी कुत्र्यात त्या साधारण 2 लाखांच्या वर असतात. रोग एर्लिकिया केनिस या जंतूचा. गोचीड रक्त पिताना तो अंगात सोडते आणि तो पांढऱ्या पेशींत घर करतो. 1935 साली अल्जीरियात तो पहिल्यांदा ओळखला गेला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे कितीतरी कुत्रे अशाच तापाने गेले, तेव्हा कुठे त्याच्यावर नेटाने संशोधन झालं.

औषध डॉक्सिसायक्लीन, 28 दिवस. गोळी दुधातून द्यायची नाही, दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट लागू पडत नाही. दुभत्या घरात हे पाळणं सोपं नव्हतं. भाकरीच्या तुकड्यात गोळी दाबून द्यायची आणि वर पाणी पाजायचं, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. थोड्याच दिवसांत खंड्या उठून फिरायला लागला. इथेच डॉक्टरांचा खरा प्रश्न सुरू होत होता. कुत्रा बरा दिसतो, प्लेटलेट वाढतात, पण जंतू गेलेला असतो का? काही कुत्र्यांत तो लपून राहतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून उपचार संपल्यावरही रक्त घेऊन पीसीआर तपासणी करायची होती.

संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी म्हटलं, ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवा, मग सही. त्यांनी दाखवली. कधीही माघार घेता येईल आणि माघार घेतली तरी उपचार थांबणार नाहीत, हे वाक्य मी दोनदा वाचायला लावलं. माणूस आजारी असला तर तो स्वतः हो-नाही म्हणतो. खंड्याच्या वतीने मी बोलत होते, त्यामुळे माझी जबाबदारी उलट वाढली होती. पुढे त्यांनी हाडातल्या मगजाचा नमुना मिळेल का, असं विचारलं. त्यासाठी गुंगी देऊन हाडात सुई घालावी लागते. नुकत्या सावरलेल्या जनावराला ते सोसायला लावायचं नाही, असं मी ठरवलं. त्यांनी कागदावर ‘नकार’ लिहिलं आणि पुढच्या गोळ्या हातात ठेवल्या. माझा विश्वास बसला तो त्या क्षणी.

अमेरिकेत 2012 पासून 3 हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांची आयुष्यभर नोंद ठेवणारा एक अभ्यास चालू आहे. काम फार मोलाचं आहे. पण ते सगळे एका जातीचे, घरात वाढलेले. गोठ्यात निजणाऱ्या, उसात हिंडणाऱ्या, अंगभर गोचिडी वागवणाऱ्या आमच्या कुत्र्यांबद्दल त्यातून किती कळणार? औषधाची मात्रा, आजार उलटण्याची शक्यता, हे इथल्याच कुत्र्यांच्या रक्तावरून ठरायला हवं, असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. पण प्रबंधासाठी नमुने बहुतेक दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांचेच मिळतात, आणि खेड्यातला कुत्रा दवाखान्यापर्यंत पोचतच नाही.

पोचला तरी टिकेलच असं नाही. आमच्या भागात उसात बिबट्या असतो आणि कुत्रा त्याला सोपी शिकार. अभ्यासातला घोड नदीकाठच्या एका वस्तीवरचा कुत्रा असाच एका रात्री गेला. डॉक्टर दुसऱ्यांदा रक्त घ्यायला गेल्या तेव्हा साखळी तेवढी उरली होती. त्यानंतर आम्ही खंड्याला रात्री जाळीच्या आत घेऊ लागलो.

खंड्याच्या शेवटच्या नमुन्यात जंतू सापडला नाही. तो अहवाल मागून घेताना मी एक अट घातली: गावात येऊन सगळ्यांना सांगा. त्या आल्या. मारुतीच्या पारावर माणसं जमली. गाई-म्हशींच्या गोचिडी कुत्र्यावर चढतात, अशी इथली पक्की समजूत होती. डॉक्टरांनी सांगितलं, हा ताप पसरवणारी तपकिरी गोचीड वेगळी, ती मुख्यतः कुत्र्यावरच जगते. मादी रक्त पिऊन फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत अंडी घालते, हजारोंनी. नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, भेगा लिंपाव्या लागतात, औषध फवारावं लागतं.

नाना मागे बसले होते. त्यांनी विचारलं, “आमच्या थोरल्याच्या वस्तीवर दोन कुत्री हायेत. त्यांचं रगत चालंल का?”

डॉक्टरांनी वही काढली आणि आधी कुत्र्यांची वयं विचारली.