दारात आलेले गाणे
ज्याच्या नावावर मैदानेच्या मैदाने भरत, तो माणूस बायकामुले गाडीत घालून एखाद्या कॉलेजच्या दारी जातो आणि इथे गाऊ द्याल का, असे विचारतो, याचे मला राहून राहून नवल वाटते.

हा माणूस म्हणजे पॉल मॅकार्टनी. बीटल्सनी दौरे थांबवले ऑगस्ट 1966 मध्ये. 1970 मध्ये तो संचच मोडला. पुढे 9 फेब्रुवारी 1972 ला 'विंग्ज' हा नवा संच घेऊन स्वारी नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात उभी राहिली. वय 29. जाहिरात नाही, मुक्काम ठरलेला नाही. बरोबर कुत्री आणि तीन मुली. धाकटी पाच महिन्यांचीही नव्हती. दारावर पैसे घ्यायचे, रात्री नाणी वाटून घ्यायची. थेट आपल्या तमाशाचा फड!

कीबोर्डवर बायको, लिंडा. अगदी नवशिकी. लोकांनी नावे ठेवली. आमच्या सौभाग्यवतींना मात्र हे फार पटले. "घरच्या माणसाला नाही शिकवायचं, तर कुणाला?" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी चष्मा पुसू लागलो.

माझे घोडे अडते ते दुसरीकडेच. त्या दौऱ्यात त्याने बीटल्सचे एकही गाणे म्हटले नाही. नवी गाणी थोडकी. संपली की त्यांतलीच पुन्हा. पोरे आली असतील ती जुन्यांच्याच आशेने! याला कुणी हिंमत म्हणोत, मी हट्टच म्हणेन. 1975-76 च्या मोठ्या दौऱ्यात त्याने बीटल्सची मोजून पाच गाणी घेतली. तोवर विंग्जचे घर स्वतःच्या गाण्यांनी भरले होते; जुनी आली ती पाहुण्यासारखी.