खुंट आणि वेल

द्राक्षाची बाग पाहणारा मांडवाकडे पाहतो. घड दिसतात, पाने दिसतात. मूळ मातीआड असते, म्हणून त्याचे कौतुक करावयास सहसा कोणी थांबत नाही. माणसांच्या बाबतीतही आपली दृष्टी अशीच वरवरची असते. परदेशी गेलेल्याने आपले काय काय टिकविले, हे आपण अभिमानाने मोजतो. तेथल्या मातीतून त्याने काय घेतले, हे मात्र विचारीत नाही.

माझी कन्या न्यू यॉर्क राज्यात संसार मांडून राहिली आहे. तिच्याकडे असताना क्यूका सरोवराच्या काठचे द्राक्षमळे पाहण्याचा योग आला. मद्याला मी कधी शिवलो नाही, तेव्हा तेथील उंची वाइनच्या रुचीविषयी मी न बोलणेच बरे. मला नवल वाटले ते पाण्याचे. हे खोल सरोवर उन्हाळ्याची ऊब पोटात साठविते आणि थंडीत काठच्या उतरणीवर ती हळूहळू खर्च करते. वसंतात त्याच्या गारव्यामुळे अंकुर उशिरा फुटतात व अवेळीच्या हिमातून वाचतात.

तरीही युरोपातील नाजूक द्राक्षे येथे जगणार नाहीत, अशी तेथील जाणत्यांची पक्की समजूत होती. १९५१ साली डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक अमेरिकेत आले. मूळचे युक्रेनचे, पन्नाशी उलटलेली, इंग्रजीचा गंध नाही. द्राक्षविद्येचा हा पंडित जिनीव्हा गावच्या कृषिसंशोधन केंद्रात हलकीसलकी कामे करू लागला. त्यांचे म्हणणे एवढेच, की युक्रेनच्या याहून कडक हिवाळ्यात वेली जगतात, तर येथे का जगू नयेत? शार्ल फूर्निए या फ्रेंच मद्यतज्ज्ञाने ते ऐकून घेतले, आणि दोघे थंडीपूर्वी वेलीचे लाकूड पक्के करील असा खुंट शोधू लागले. १९६२ साली फ्रँक यांनी क्यूकाकाठी स्वतःचा व्यवसाय उभारला. १९८५ साली ते वारले. मळा मात्र कुटुंबातच राहून चौथ्या पिढीपर्यंत पोहोचला आहे.

यातील खरे मर्म त्या खुंटात आहे. युरोपातील वेलीचे मूळ फायलोक्सेरा नावाची बारीक कीड पोखरते; अमेरिकन मूळ तिला दाद देत नाही. म्हणून खाली खुंट तेथला आणि वर वेल आपली, असे कलम बांधावे लागते. रस, गंध, जात वेलीचीच राहते. पाय मात्र त्या भूमीचे. आपल्या नाशिक-सांगलीकडील कित्येक बागांतही आज द्राक्षे 'डॉगरिज' या अमेरिकन खुंटावर वाढतात. त्या द्राक्षांना परकी म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

माझ्या कन्येविषयी मात्र आप्तमंडळी म्हणतात, "ती आता तिकडचीच झाली." नात 'आजोबा' म्हणते ते जरा निराळ्याच हेलात, हे मलाही ऐकू येते. पण कलम बांधताना छेद दोन्हीकडे द्यावा लागतो. एकट्या वेलीला कापून ते जमत नाही. परक्या गावात नवे शेजार, नवी रीत, नवी भाषा पत्करताना मुलीने तो छेद सोसला. तिची खोली रिकामी झाली तेव्हा थोडा आम्हीही सोसला. सांधा जुळून आला असेल, तर जखमेचा वण मोजीत बसण्यात अर्थ नाही. घडाला गोडी कोणती उतरली, तेवढे पाहावे.