पेरते व्हा!

पाखराची ओळख पटायला डोळ्यांपेक्षा कान बरे, निदान पावशाच्या बाबतीत तरी! हा गृहस्थ दिसतो शिक्र्यासारखा, राहतो पानांआड आणि बोलतो मात्र उपदेशकासारखा.

एका ज्येष्ठात मी जिंतूर तालुक्यातील येलदरीस गेलो होतो. पूर्णेवरच्या, १९६८ साली पुऱ्या झालेल्या धरणाजवळच्या झाडीतून एकच हाक पुनःपुन्हा येई, दर वेळी वरच्या पट्टीत चढे आणि एकाएकी तुटे. माझ्या शहरी कानांना ती नुसती शीळ. यजमान शेतकरी म्हणाले, "ऐका की सर, 'पेरते व्हा' म्हणतोय!" आणि काय नवल, मग दुसरे काही ऐकूच येईना.

हिंदी मुलखात हाच पक्षी 'पी कहाँ' विचारतो, बंगालात 'चोख गेलो' म्हणून डोळ्यांसाठी रडतो. इंग्रज साहेबाला तर त्यात 'ब्रेन-फीव्हर' ऐकू आला! पाखरू एकच, ज्याचा त्याचा घोर निराळा. आपल्याला पेरणीचा.

खरे पाहता ती त्याची विणीच्या दिवसांतली साद. हा पेरीत नाही, घरटेही बांधीत नाही. मादी अंडे घालते ते सातभाईंच्या घरट्यात. मी हे गमतीने सांगितले, पण यजमान हसले नाहीत. कोरड्या आभाळाकडे पाहत म्हणाले, "त्याचं काय जातंय, सर? पावसानं दडी मारली तर दुबार बियाणं आपल्यालाच आणावं लागतं."

पावशा आता मला कुठेही ओळखू येतो. मात्र त्याची हाक कानी पडली की आधी मी आभाळाकडे पाहतो.