हिंगोलींतील चिनी फराळ

हिंगोली ही हळदीची पेठ. एकीकडे संत नामदेवांची नर्सी, दुसरीकडे औंढ्याचा नागनाथ. अशा मुलखांत सायंकाळीं रस्त्याच्या कडेस चिनी खाद्यांच्या गाड्या लागतात, याचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. नातवंडांच्या आग्रहावरून आम्हींही तेथील नूडल्स, म्हणजे लांब शेवया, आणि कोबीच्या गोळ्यांचें ‘मंच्युरियन’ चाखलें. प्रखर आंच, लोखंडी कढई आणि क्षणार्धाचें परतणें! आलें, लसूण, मिरची आपल्याच ओळखीचीं. मात्र हळदीच्या पेठेंत हळदीवांचून अन्न शिजतें, ही मौज.

हें मंच्युरियन चीनदेशचें नव्हे. कलकत्त्यांत जन्मलेल्या नेल्सन वांग यांनीं १९७५ सालीं मुंबईंत तें प्रथम केलें, असें मानितात. त्यांनीं कोंबडी योजिली होती. येथें तिच्या जागीं कोबी आला.

चीनाशीं आपला संबंध पुरातन. कालिदासाच्या शाकुंतलांत ‘चीनांशुक’ आहे. आपला ‘चहा’ शब्दही मूळचा तिकडचाच. तथापि १९६२ च्या युद्धकाळीं आसाम-बंगालकडील सुमारें ३,००० चिनी वंशाच्या रहिवाशांस, बायकामुलांसह, राजस्थानांतील देवलीच्या छावणींत खटल्यावांचून डांबण्यांत आलें. शेवटचे लोक सुटले ते १९६७ सालीं.

शेजाऱ्याचें अन्न गोड मानावें आणि शेजाऱ्यास परका ठरवावें, हें गृहस्थधर्मास शोभतें काय? मुलांच्या पानांत हें अन्न वाढतांना ही हकीकतही त्यांच्या कानीं घालावी, असें आम्हांस वाटतें.